आजीची पुस्तिका काढताना: विशेषणं कमी, पिठाचं माप जास्त

वर्षश्राद्धाला आलेल्यांच्या हातात एक छोटी पुस्तिका ठेवायची पद्धत आता बऱ्याच घरांत रुळली आहे. मुखपृष्ठावर आजीचा फोटो, मलपृष्ठावर विठ्ठल-रखुमाई, आत मुलांची, सुनांची, नातवंडांची मनोगतं. या मनोगतांमध्ये आजी वात्सल्यमूर्ती असते, सोशीक असते, धर्मपरायण असते आणि तिच्या हाताला चव असते. नाव झाकून वाचलं तर ती शेजारच्या गावची आजी म्हणूनही खपून जाईल. ऐंशी-नव्वद वर्षं राबलेल्या बाईचं इतकंच उरावं हे काही बरं नाही.

यावर एकच उपाय आहे: एक विशेषण काढायचं आणि त्या जागी एक माप घालायचं. ‘अन्नदान करायची’ हे वाक्य खोडा. कुठल्या दिवशी, किती जणांना, पीठ किती लागायचं, चुली किती मांडायची, भाकऱ्या थापायला सोबत कोण असायचं, ते लिहा. भक्ती आणि सेवा हे तिच्यासाठी हाताचं काम होतं. ते कामासारखंच नोंदवावं लागतं. पुढचं सगळं वारकरी घरातल्या आजीला धरून लिहिलं आहे, पण देव बदलला तरी पद्धत तीच राहते.

सुरुवात पहिल्या पानापासून. वारकरी आजीच्या नावाआधी ‘कै.’ छापू नका, ‘वै.’ छापा. माळकरी माणूस वैकुंठवासी होतो, कैलासवासी नाही. डीटीपीवाला सवयीने ‘कै.’ टाकतो आणि कीर्तनाला आलेले बुवा पुस्तिका उघडताच पहिली चूक तीच काढतात. ‘गं. भा.’ लावायचं की नाही हे घराने ठरवावं. आमच्या मते त्याची गरज नाही. ‘ती’ म्हणायचं की ‘त्या’, हा वाद मात्र घालू नका. नातू ‘ती’ लिहील, सून ‘त्या’ लिहील. घरात जो जसं बोलत आला तसंच राहू द्या, सगळ्यांना एका साच्यात बसवलं की मजकूर सरकारी होतो.

पुस्तिका तेराव्याला काढायची घाई करू नये. त्या दिवसांत माणसं जमवायची असतात, मजकूर नाही. दहाव्या-तेराव्याला तिच्या माहेरची मंडळी, जावा, नणंदा, विहिणी एका छताखाली येतात, असं पुन्हा होत नाही. दाराशी एक जाड वही ठेवा: नाव, गाव, फोन, आणि ‘तिची तुमची पहिली भेट कुठे झाली’ एवढा एकच प्रश्न. त्यातून कुणाकडे जायचं त्याची यादी आपोआप तयार होते. मग वर्षातले पहिले चार महिने माणसांना भेटण्यात घालवावेत, पुढचे तीन कागद शोधण्यात, आणि छपाईला शेवटचे दोन तरी मोकळे ठेवावेत.

भेटायचं आधी बायकांना. सगळ्यात थोरली जाऊ, नणंद, माहेरची धाकटी बहीण. मुलांना शेवटी. मुलांना आई कळते ती तिच्या पंचविशी-तिशीपासून. त्याआधीची मुलगी आणि सासुरवाशीण त्यांनी पाहिलेलीच नसते. बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं तर फोन विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन चार घड्या केलेल्या टॉवेलवर ठेवा. नुसत्या स्टीलच्या ताटाशेजारी ठेवलात तर नंतर खणखणाटाशिवाय काही ऐकू येत नाही. पाऊण तासापेक्षा जास्त बसवू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. खोलीत गर्दी नको, कारण म्हातारी तोंड उघडायच्या आत तिचा मुलगा उत्तर देतो, आणि ती मान डोलावते. तिला हातात काही काम असेल तर बोलणं लवकर सुटतं. शेंगा फोडायला घ्या, तांदूळ निवडायला घ्या.

आता तारखा. इथे हमखास घोळ होतो. आजीच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जून असेल तर ती खरी समजू नका. शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली १ जून ही महाराष्ट्रातल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख आहे, आणि शाळेत न गेलेल्यांच्या कार्डावर ती नंतर कुणीतरी अंदाजाने बसवलेली असते. मतदार यादीतलं वय, रेशन कार्डावरचं वय आणि दवाखान्याच्या कागदावरचं वय एकमेकांशी जुळत नाही. जन्माची जुनी नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात, तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळू शकते. ती शोधायची तिच्या माहेरच्या तालुक्यात. पुष्कळ जण सासरच्या तालुक्यात हेलपाटे घालत बसतात. जुनी नोंद मोडी लिपीत असेल तर वाचणारा सोबत न्यावा लागतो. पुष्कळदा तिथे मुलीचं नावच नसतं, ‘अमक्यास मुलगी’ एवढंच असतं. मग भावंडांचा क्रम लावून ती नोंद तिचीच की तिच्या बहिणीची हे ठरवायचं. आजोबा कधी गेले याची तारीख मात्र वारसाच्या फेरफारावरून, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं चढवल्याच्या नोंदीवरून, बरीच जवळ लागते. त्यात आजीचं नाव कदाचित पहिल्यांदा सरकारी कागदावर आलेलं दिसेल.

जुन्या पोथीच्या किंवा वहीच्या पहिल्या पानावर जन्ममृत्यू लिहून ठेवलेले असतात, ते शकांत. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. शके १८५० चा माघ म्हणजे १९२९ सालचा फेब्रुवारी-मार्च. इथे एक वर्ष हमखास चुकतं आणि मग थोरली बहीण धाकटीपेक्षा लहान निघते. मराठवाड्यातल्या कागदांवर फसली सन असतो, त्यात ५९० मिळवा आणि महिना पाहून एक इकडे-तिकडे करा.

कागद नसेल तर गावाच्या आठवणीवर वय लावायचं. ‘तेव्हा तू केवढी होतीस’ विचारलं तर उत्तर मिळत नाही. ‘तेव्हा कडेवर कोण होतं’ विचारलं की लगेच मिळतं. खुणा त्या त्या भागाच्या घ्याव्यात: गांधीजी गेले तो जानेवारी १९४८, मराठवाड्यात रझाकारांचा काळ आणि सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई, आणे जाऊन नवे पैसे आले ते एप्रिल १९५७, पुण्याकडे पानशेतचा पूर १२ जुलै १९६१, साताऱ्याकडे कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, आणि सगळीकडे १९७२ चा दुष्काळ. दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी आणि मिलो (रेशनवरची लाल ज्वारी) खाल्ला, ही आठवण त्या पिढीच्या बाईला तारखेसकट असते. पंढरपूरच्या घराला आणखी एक खूण आहे, मे १९४७ चं साने गुरुजींचं उपोषण. मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं यासाठी ते होतं. घरातल्या जुन्या माणसांची त्यावर काय भूमिका होती हेही विचारा. उत्तर अवघड निघालं तरी लिहा.

वारीबद्दल सगळ्यात जास्त ढोबळ लिहिलं जातं. ‘सलग पन्नास वर्षं पायी वारी’ असं छापण्याआधी मोजा. बाळंतपणाची वर्षं, सुतकाची वर्षं, दुखण्याची वर्षं वजा होतात. २०२० आणि २०२१ ला तर कुणाचीच पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. अठ्ठेचाळीस वाऱ्या हा आकडा पन्नासपेक्षा जास्त खरा वाटतो आणि असतोही. आषाढीबरोबर कार्तिकी, माघी, चैत्री यांतलं काय काय केलं हे वेगळं लिहा. महिन्याची वारी करणारी बाई आणि वर्षातून एकदा जाणारी बाई यांच्या संसाराची रचनाच वेगळी असते.

कुठल्या पालखीबरोबर, हे घरच्यांनाही नक्की माहीत नसतं, कारण पुण्यापर्यंत सगळंच एक वाटतं. तिच्या आठवणीत दिवेघाट, जेजुरीचा भंडारा, नीरेचं स्नान, चांदोबाचा लिंब असेल तर ती माउलींबरोबर आळंदीहून गेली. यवत, काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण, इंदापूर, सराटी असेल तर तुकोबांबरोबर देहूहून. दोन्ही असेल तर तिने मध्ये दिंडी बदलली, आणि त्यामागे बहुधा एखादी गोष्ट दडलेली असते: माहेरची दिंडी आणि सासरची दिंडी वेगळी, किंवा दिंडीत वीणा धरणारे विणेकरी बदलले. दिंडीचा क्रमांक लिहा, ‘रथापुढे’ की ‘रथामागे’ हे लिहा, आणि दिंडी कुठल्या फडाची, म्हणजे कुठल्या महाराजांच्या परंपरेतली, हेही. दिंडीच्या भिशीच्या, म्हणजे जेवणखर्चाच्या वर्गणीच्या, वह्या असतात, त्यात तिचं नाव आणि भरलेले पैसे सापडले तर ते पान फोटो काढून छापा. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालायची की हंडा, हे बायकाच सांगतील. वृंदावन घेणारीला चाल मोडता येत नाही, मान एका जागी धरावी लागते, आणि संध्याकाळी मुक्कामाला तिची मान कोण चोळायचं तेही विचारा.

माळ कधी घातली, कुणी घातली, लग्नाआधी की नंतर? माळ घातल्यावर घरातलं मटण बंद झालं, की तिच्यापुरती वेगळी चूल झाली? दुसऱ्याच्या घरी जेवायला गेली तर काय करायची? एका माळेमुळे स्वयंपाकघराची व्यवस्था कशी बदलली हे लिहिलं की ‘धर्मपरायण’ लिहायची गरज उरत नाही.

मग पीठ. पंक्तीचा आकडा सगळे सांगतात, पण तो फुगलेला असतो. पिठावरून तो तपासता येतो. एक किलो ज्वारीच्या पिठाच्या साधारण आठ ते दहा भाकऱ्या होतात, थापणारीच्या हातावर अवलंबून. शंभर जणांची दिंडी एका मुक्कामाला जेवली आणि माणशी दोन भाकऱ्या धरल्या तर दोनशे भाकऱ्या, म्हणजे वीस ते पंचवीस किलो पीठ. एका तव्यावर भाकरीला दोन मिनिटं धरली तर चार चुलींवर ते काम पावणेदोन तासांचं, तेही जाळ एकसारखा राहिला तर. जून-जुलैत जळण ओलं असतं, त्यामुळे अडीच तास धरा. आता घरचे म्हणत असतील की ‘आई एकटीच पाचशे माणसांचं करायची’, तर हिशेब मांडून विचारा, चुली किती होत्या? मग जावांची, शेजारणींची, कधी कधी कामावरच्या बायकांची नावं निघतात. ती नावं पुस्तिकेत यायलाच हवीत. आजीचं मोठेपण त्याने कमी होत नाही, चार चुली एका वेळी चालत्या ठेवणं हे वेगळं कसब आहे.

गावात गिरणी यायच्या आधी हेच पीठ जात्यावर निघायचं. गिरणी कुठल्या साली आली ते शोधा, कारण तिच्या पहाटेचे तास त्या वर्षी बदलले. जुनी मापं किलोत बदलताना घाई नको. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली इथवर सगळीकडे जमतं, पण मण कुठे बारा पायल्यांचा तर कुठे सोळांचा. शिवाय पायली हे आकारमान आहे, वजन नव्हे. ज्वारीची पायली आणि तांदळाची पायली काट्यावर सारखी भरत नाही. घरात जुना शेर असेल तर त्यात धान्य भरून, वर दांडी फिरवून वजन करा आणि तळटीप द्या.

ओव्या नुसत्या ‘म्हणून दाखवा’ म्हटलं की येत नाहीत. हाताला खुंटा लागला की येतात. आजी आता नाही, म्हणून तिच्या जोडीने दळायला बसणारीला जात्याशी बसवा, मूठभर दाणे घाला आणि जातं फिरू द्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून जमवलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या आता ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर आहेत, तालुक्याच्या जवळच्या चार ओव्या तिथून आधी वाचून दाखवल्या तर ‘आमच्याकडं असं न्हाई म्हणत’ म्हणत ती आपली ओवी सांगते. हवं ते हेच. लिहिताना ‘इठ्ठल’चा ‘विठ्ठल’ करू नका, ‘बया’ची ‘आई’ करू नका. मध्ये येणारं ‘गं बाई’ गाळू नका, ताल त्यावर बसलेला असतो.

देवघराची यादी करा, खरंच यादी. कुलदैवताचे टाक (देवाची प्रतिमा उठवलेले धातूचे पत्रे) किती आणि कुणाकुणाचे, कुठला टाक झिजला म्हणून बदलला. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण बहुधा तिने माहेरून आणलेले असतात, म्हणजे घरातली ती सर्वांत जुनी माहेरची वस्तू. प्रत्येकाचा फोटो, शेजारी एक नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. वाटण्या होतात आणि टाक चार घरी जातात. यादी आधी झालेली बरी. तिची ज्ञानेश्वरी किंवा हरिपाठाची पोथी उघडून पाहा. कुठली पानं कुंकवाने आणि बोटांच्या तेलाने काळवंडली आहेत, मोरपीस कुठे आहे, ते पान छापा. लिहिता-वाचता येत नसेल तर पोथी कोण वाचायचं आणि ती कुठे बसून ऐकायची हे लिहा.

घराण्याची वही हवी असेल तर त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांकडे जा. आडनाव, मूळ गाव आणि जात सांगितली की ते तुमच्या कुळाची नामावळी काढतात. अस्थी विसर्जनाच्या वेळी सगळे तिथे गेलेले असताना मुंडण आणि पिंडाच्या गडबडीत ही वही पाहायची राहून जाते.

आता नाजूक भाग. तिची किती बाळंतपणं झाली आणि किती मुलं जगली हे दोन वेगळे आकडे आहेत. बहुतेक पुस्तिका दुसराच छापतात. गेलेल्या मुलांची नावं थोरल्या नणंदेला माहीत असतात, वंशावळीत ती द्यावीत. वंशावळीत लेकींची आणि लेकींच्या मुलांची फांदी पूर्ण काढावी. सवत असेल तर तिचंही नाव घालावं. आणि ज्याला आपण सेवा म्हणतो त्यातली किती सक्ती होती, हे विचारायचं टाळू नका. सोवळ्यात ओल्या लुगड्याने केलेला स्वयंपाक, सासूच्या मागे जेवायला बसणं, शिळं वाट्याला येणं, हे तिने आनंदाने केलं असं तिच्या वतीने आपण लिहू नये. तिने काय म्हटलं असेल तेवढंच लिहावं. ती काही बोलली नसेल तर काय करायची तेवढं लिहून थांबावं. ती सुईणपण करत असेल तर गावात किती जणांची नाळ तिने कापली याची मोजदाद गावच करून देतं, मोबदला म्हणून खण-नारळ मिळायचा की पायलीभर धान्य तेही सांगतं. जमिनीचे वाद, कुणाचं दुखणं, जिवंत माणसांच्या जन्मतारखा आणि आधार कार्डाचे फोटो मात्र छापायचे नाहीत.

फोटोंबद्दल थोडक्यात. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट खिडकीच्या उजेडात तिरकस धरून टिपा. सुटे फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा. मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओच्या शिक्क्यावरून गाव आणि काळ लागतो. मागे नावं लिहायची तर पेन्सिलीने, बॉलपेनची खूण पुढे उमटते.

छपाईत फसण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. मध्ये पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत लागतात. साठ-सत्तर पानांच्या वर गेलं की पिन नको, चिकट बांधणी घ्या आणि आतला समास दोन सेंटिमीटर ठेवा, नाही तर ओळी शिवणीत जातात. आतला कागद ८० जीएसएम मॅपलिथो, फोटोंची आठ पानं आर्ट पेपरवर, मुखपृष्ठ २५० च्या वर. अक्षर १४ पॉइंट, कारण वाचणारे साठीच्या पुढचे आहेत. शंभर प्रती डिजिटलवर काढा, तीन-चारशेच्या पुढे ऑफसेटचा भाव विचारा. मजकूर युनिकोडमध्ये दिलात आणि डीटीपीवाल्याने तो आपल्या जुन्या फाँटमध्ये बदलून घेतला की ‘भाकऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘कुऱ्हाड’ अशा शब्दांतलं अर्धं र मोडतं, रफार एक घर सरकतो. म्हणून मुद्रितं (प्रुफं) तीनदा वाचा: एकदा मजकुरासाठी, एकदा फक्त आकडे आणि तिथ्यांसाठी, एकदा फक्त नावांसाठी. नावांचं वाचन सुनेने किंवा लेकीने करावं. मुलांना मावश्यांची खरी नावं माहीत नसतात.

शेवटची चार पानं कोरी, आखलेली ठेवा, वर ‘दुरुस्त्या’ एवढंच छापा. पहिली प्रत तिच्या माहेरच्या घरी पाठवा, एक दिंडीच्या विणेकऱ्याकडे, एक गावच्या शाळेत. सहा महिन्यांत माहेरहून फोन येतो की तिचं पाळण्यातलं नाव वेगळंच होतं.